मार्चमध्ये घर बघायला निघू नये

आमचं लग्न मे महिन्यात, नोंदणी पद्धतीने. राहायला मात्र एप्रिलपासून एकत्र, म्हणजे सामानसुमान आधीच लागेल. त्यामुळे ऐन मार्चच्या उन्हात आम्ही पुण्यात कोथरूडमध्ये भाड्याची घरं बघत फिरत होतो. ती तिथेच वाढलेली, मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला.

डहाणूकर कॉलनीतलं एक घर दोघांनाही आवडलं. भाडं तीस हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, शिवाय पहिला महिना आगाऊ. किल्ली हातात यायच्या आधीच दीड लाख, करारनाम्याचा खर्च वेगळा. ब्रोकर खाली स्कूटरवर बसून वाट बघत होता. मी हळूच म्हणालो, "माझा अर्धा वाटा एप्रिलअखेर देतो."

"आत्ता का नाही?"

"अण्णांचं नवं-जुनं आहे."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील. गावच्या सोसायटीचं (बँकेच्या पैशातून शेतकऱ्यांना कर्ज देणारी सहकारी संस्था) पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असतं. भरलं की तेच कर्ज पुन्हा मंजूर होतं आणि पेरणीच्या आधी पैसे हातात येतात. जुनं फेडून नवं उचलायचं, म्हणून नवं-जुनं. वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. चुकलं की नाव थकबाकीत, मग पेरणीला नवं कर्ज नाही आणि सवलतही गेली. अडचण एवढीच, की मार्चमध्ये शेतकऱ्याकडे एकरकमी पैसे नसतात. अण्णांचं त्या हंगामाचं सोयाबीन बावीस क्विंटल झालं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, अण्णांनी विकलं ४,१०० ने, कारण मजुरी आणि कृषी सेवा केंद्राची उधारी हमीभावाच्या खरेदीपर्यंत थांबत नाही. मग काही आठवड्यांसाठी कुणाकडून तरी पैसे उचलायचे. गावात शेकडा तीन रुपयांनी मिळतात, महिन्याला. मला नोकरी लागल्यापासून आमच्या घरात हा 'कुणीतरी' म्हणजे मी. एक लाख चाळीस हजार मार्चमध्ये जातात आणि नवं कर्ज उचललं की परत येतात.

हे तिला माहीत होतं. फक्त तिच्या एक्सेलमध्ये ते 'बचत' या रकान्यात होते.

"हे पैसे तुझे आहेत की नाहीत, ते एकदा ठरव," ती म्हणाली.

तिचे बाबा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या घरी पैशाला तारीख असते: एफडी कधी पिकणार, हप्ता कधी जाणार. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय ते नवा फ्रीजसुद्धा घेत नाहीत. "बँकेने एप्रिलमध्ये दिलेच नाहीत तर?" या तिच्या प्रश्नावर मी "येतात गं" म्हणालो. त्यांच्याकडे हे उत्तर धरत नाहीत. आणि तिचं बरोबरच होतं म्हणा, एका वर्षी सोसायटीचा सचिव बदलला तर नवं कर्ज मिळायला जून उजाडला होता.

पण त्यानंतर ती जे म्हणाली ते लागलं. "अरे, कर्जमाफीचं चाललंय ना सगळीकडे? मग थांबायचं की थोडं."

आमच्या गावात निम्मे लोक तेच म्हणत होते. निवडणुकीतलं आश्वासन होतंच. आणि आमच्या घरात या विषयाला इतिहास आहे. २०१९ च्या कर्जमाफीत थकलेलं दोन लाखांपर्यंतचं कर्ज माफ झालं, त्यात चुलत्याचं सगळं गेलं. अण्णा नियमित भरणारे. त्यांना प्रोत्साहन म्हणून पन्नास हजार मिळाले, तेही मागाहून. चुलता अजून पारावर बसून त्यांना हसतो. तरी अण्णा दर मार्चला भरतात. हा शहाणपणा आहे की नुसता हट्ट, मला आजही सांगता येत नाही. पण बाहेरच्या कुणी 'थांबा की' म्हटलं तर मला राग येतो, आणि त्या दिवशी ती मला बाहेरची वाटली. पुढे २८ मार्च २०२५ ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनी बारामतीत सांगूनच टाकलं की ३१ च्या आत पैसे भरा. तोवर माझे पैसे केव्हाच गेले होते.

जागेवरूनही वाजलं. मी म्हणत होतो नऱ्हे, वन बीएचके, पंधरा हजार. तिने वनाज ते कल्याणीनगर मेट्रो आणि माझा महिन्याचा पेट्रोलचा खर्च मांडून दाखवला. ऑफिस कल्याणीनगरला असताना नऱ्ह्यातून दुचाकीवर जायची हौस कुणाला असते? तिथे मी गप्प बसलो. तरी तिच्या आईबाबांचं घर चालत पाच मिनिटांवर आणि माझे आईवडील एक रात्र एसटीने दूर, हे काही एक्सेलमध्ये येत नाही. म्हणून मी शेवटचं अडवून बघितलं: "पण टू बीएचके कशाला?"

"तुझे आई-अण्णा आले की कुठे झोपणार?"

यावर काय बोलणार.

डिपॉझिट तिने भरलं, एफडी मोडून. मुदतीआधी मोडल्यामुळे गेलेलं व्याज तिने माझ्या नावे लावलं, पैशापर्यंत. ते मी दिलं. अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट घरी आला आणि अकरा महिन्यांच्या करारावर दोघांचीही नावं लागली. नवं-जुन्याचे पैसे आता वेगळ्या खात्यात राहतील. घर चालवताना ते धरायचेच नाहीत, आहेत असंही नाही आणि गेलेत असंही नाही. अट तिची एकच, आकडा वाढणार नाही.

आकड्याच्या वाटेवर बोअर उभा आहे. अण्णांना दुसरा बोअर पाडायचाय. पहिला सहाशे फूट गेला आणि नुसता फुफाटा निघाला. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते तिने टीव्हीवर पाहिलं. मी तेव्हा लातुरात खोली करून राहत होतो, घागर घेऊन रांगेत. म्हणून मला अण्णांची घाई कळते. पण त्याच कारणाने हेही कळतं, की आमच्या भागात बोअर म्हणजे लाखभर रुपयांचं लॉटरीचं तिकीट. ती म्हणते, पहिलं वर्ष बोअर नाही. मला पटतं. अण्णांना कोण सांगणार, एवढाच प्रश्न आहे. "मी सांगते," असं ती म्हणाली, तर मी घाबरून नको म्हणालो.

परवा अण्णांचा फोन आला. जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या येऊन गेला, हातावर नारळ उभा राहिला, बांधाच्या अलीकडे जागा काढून दिली म्हणे. मी "बघू" म्हणालो. तिच्या मते याचा अर्थ हो असा होतो. अण्णांच्याही मते.