आमची वाटचाल : व्हॅनिशिंग क्रीमपासून नॉन-आयॉनिकपर्यंत

आम्ही सुरुवात केली ती व्हॅनिशिंग क्रीमने. स्टिअरिक ॲसिडमध्ये थोडी अल्कली घातली की भांड्यातच साबण तयार होतो आणि तोच तेल-पाणी धरून ठेवतो. कृती जुनी, भरवशाची. पण अशा क्रीमचा पीएच बहुधा 8च्या आसपास जातो आणि त्वचेचा असतो 5च्या आसपास. पुढे लॅक्टिक ॲसिडच्या क्रीमला मागणी आली, तिथे हा मार्ग खुंटला. आम्ल पडलं की साबणाचं पुन्हा स्टिअरिक ॲसिड होतं आणि क्रीम फुटतं.

मग तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या नॉन-आयॉनिक इमल्सिफायरकडे वळलो. यांच्या रेणूवर विद्युतभार नसतो. शेपटी तेलात रुतते. डोक्याकडचा भाग, म्हणजे पेगची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) साखळी, ग्लिसरॉल किंवा शर्करा, पाण्यात राहतो. तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती असं पाणी धरलेलं आवरण बसलं की थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. भारच नसल्यामुळे आम्ल किंवा क्षारयुक्त जड पाण्याने ते सहसा बिघडत नाहीत. त्वचेतल्या प्रथिनांनाही ते कमी चिकटतात, म्हणून फेसाळ साबण-शाम्पूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटच्या मानाने बरेच सौम्य.

निवडीला आजही 1949 सालची ग्रिफिन यांची एचएलबी पट्टीच वापरतो. इमल्सिफायरचा ओढा तेलाकडे की पाण्याकडे, हे तिचा आकडा सांगतो; आकडा मोठा तितका ओढा पाण्याकडे. ग्लिसरिल स्टिअरेट 3.8, पेग-100 स्टिअरेट 18.8, समसमान घेतले की 11च्या आसपास. अशी जोडी एकट्या इमल्सिफायरपेक्षा थेंबावर दाट बसते. तेलाचा आणि पाण्याचा असे दोन्ही भाग 70 ते 75 अंशांवर एकत्र केले की सुरुवातीला दुधासारखं पातळ दिसतं. नवा कामगार हमखास घाबरतो! बॅच निवत आली की सिटोस्टिअरिल अल्कोहोल या मेणासारख्या घटकाचे थर जमतात, ढवळणीच्या मोटरचा आवाज जड होतो आणि क्रीमला अंग येतं.

एक खोच मात्र आहे. पॉलिसॉर्बेटसारखे इमल्सिफायर पॅराबेन हे प्रिझर्वेटिव्ह आपल्या मायसेलमध्ये, म्हणजे रेणूंच्या बारीक पुंजक्यांत, ओढून घेतात. पाण्यात जंतूंशी लढायला ते कमी उरतं. म्हणून नव्या फॉर्म्युल्याची प्रिझर्वेटिव्ह चॅलेंज टेस्ट, म्हणजे मुद्दाम जंतू घालून घेतलेली चाचणी, केल्याशिवाय आम्ही तो बाजारात आणत नाही.

"पेग सुरक्षित आहे का?" हे रोजचं विचारणं. माझ्या मते खरी चौकशी अशुद्धींची करावी. पेगची साखळी इथिलीन ऑक्साइडपासून बनते. तो वायू माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध आहे. या प्रक्रियेत 1,4-डायॉक्सेनही तयार होतं, त्याचं वर्गीकरण 'संभाव्य कर्ककारक' असं आहे. चांगला उत्पादक निर्वात प्रक्रियेने दोन्ही अगदी अल्प पातळीवर आणतो. त्यांचे आकडे विश्लेषण प्रमाणपत्रात नसतील तर आम्ही ड्रम उतरवून घेत नाही, भाव कितीही चांगला असो.

पेग नसलेले पॉलिग्लिसरिल एस्टरही हाताळतो आहोत. तेल बदललं की ते लवकर रुसतात आणि 'पेग-मुक्त' म्हणजे आपोआप सौम्य, असंही मला वाटत नाही. त्यावरचं पहिलं लोशन सध्या 40 अंशांच्या चाचणीत आहे. तीन महिने टिकलं तर पुढच्या हंगामात येईल.