बंड्याच्या पाण्याचा हिशोब: मे महिना

4 मे
गेल्या उन्हाळ्यात आमचा बोका बंड्या रेतीच्या ट्रेमध्ये पंधरा-पंधरा मिनिटं बसायचा आणि दोन थेंब सोडून उठायचा. मला वाटलं पोट साफ होत नाही. आई तर एरंडेल शोधायला लागली होती. डॉक्टरांनी पोट चाचपलं, लघवी तुंबली म्हणाले आणि नळी घातली. बोक्याचा मूत्रमार्ग इतका अरुंद असतो की बारीक गाळसुद्धा तिथे बूच मारतो. दिवस-दोन दिवस तसंच राहिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून यंदा पाणी मोजायचं ठरवलं.

बंड्या 4.2 किलोचा. किलोमागे साधारण 50 मिली धरले तर खाण्यातलं मिळून दिवसाला 210 मिली पोटात जायला हवेत. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के. त्याच्या 55 ग्रॅममधून पाच-सहा मिली मिळतात. बाकीचं प्यायलाच हवं. पण ही जात मुळात कोरड्या मुलखातल्या रानमांजरांची, शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवणारी. तहान लागते, पण फार उशिरा.

सकाळी सातला स्टीलचं भांडं स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून 300 ग्रॅम पाणी भरलं. संध्याकाळी सातला 212. बारा तासांत 88! खूश होऊन आईला वहीसुद्धा दाखवली.

5 मे
रात्री डोक्यात आलं की नागपूरच्या मे महिन्यात भांडं नुसतं ठेवलं तरी रिकामं होतं. म्हणून आज अगदी तसंच दुसरं भांडं कपाटावर ठेवलं, जिथे बंड्या पोचत नाही. खालचं 86 ग्रॅमने उतरलं. वरचं, कोणी तोंड न लावता, 61 ने. म्हणजे साहेबांनी दिवसभरात पंचवीस मिली प्यायले. कालची खुशी वहीतून खोडली.

(मातीचं भांडं घ्या असं बरेच जण सुचवतात. पाणी गार राहतं हे खरं, पण ते झिरपतं आणि मोजमापाची वाट लागते. मोजून झाल्यावर खुशाल ठेवा.)

9 मे
रात्री दोनला लपलप आवाज. उठून पाहिलं तर कूलरची एका बाजूची जाळी सैल झालेली आणि बंड्या अर्धा आत. गवतावरून गळणारी धार चाटत होता. आठवड्याचं शिळं पाणी, आणि डास होऊ नयेत म्हणून त्या टाकीत रॉकेल टाकायचा माझा विचार रविवारपासून चालला होता. आळसाने टाकलं नाही, हे नशीब. जाळी तारेने आवळली, टाकी घासून धुतली.

पण एक कळलं: याला वाहतं पाणी हवंय.

12 मे
काल कूलरचा जुना पंप पसरट कुंडीत टाकून कारंजं केलं. धार थेट छताकडे. बंड्या पलंगाखाली गेला तो आज जेवायलाच निघाला. माझंच चुकलं, त्या पंपाचा जोर केवढा असतो ते ठाऊक होतं. संध्याकाळी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन माशांच्या टाकीचा सगळ्यात लहान पंप आणला. आता बोटभर उंचीची धार येते. कुंडी खाण्याच्या वाटीपासून लांब, बैठकीत ठेवली. स्वयंपाकघरातली त्याला आवडत नव्हती. लाईट गेली की कारंजं बंद, आणि हा त्याच्यापुढे बसून माझ्याकडे बघतो.

17 मे
भांडी तोलणं सोडलं. आता ट्रेमधले गोळे मोजतो. बेंटोनाइट या चिकणमातीची रेती लघवीने घट्ट गोळा धरते, त्यामुळे खोटं बोलत नाही. महिन्याच्या सुरुवातीला दिवसाला सुपारीएवढे दोन निघत होते. आता लिंबाएवढे तीन. शेजारचे काका दारातून म्हणाले, "काऊन भाऊ, मांजराची लघवी मोजून राहिले का?" हो म्हटलं.

खाणंही बदललं. सकाळी दाणे, रात्री 85 ग्रॅमचं ओलं पाकीट. त्यात ऐंशी टक्के पाणी धरलं तर 68 मिली आपोआप जातात. शिवाय वर दोन चमचे कोमट पाणी. चिकन उकडलं तर त्याचं पाणीही देतो, पण ते कांदा-लसूण-मीठ पडायच्या आधी बाजूला काढलेलं. कांदा-लसूण मांजराला विषासारखे. घरातला सावजी रस्सा मागतो तो, डोळे लहान करून मागतो. देत नाही.

24 मे
उद्यापासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. गोळे तीनच, कधी चार. ट्रेमध्ये बसणं मिनिटभराच्या आत आटोपतं.

कारंज्यातून किती उडतं ते बघायला आज पुन्हा एकदा कपाटावर भांडं ठेवलं होतं. संध्याकाळी 94 ग्रॅम कमी. पाण्यावर दोन पांढरे केस.