डिस्क राहू द्या, आधी केबल दाखवा

लॅपटॉपमधली जागा संपली की ठरलेला निरोप येतो: "एक्स्टर्नल डिस्क घ्यायची आहे. एसएसडी घेऊ की हार्ड डिस्क? आणि कुठल्या कंपनीची?" (हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत नुसत्या मेमरी चिप असतात.) मी उत्तर द्यायच्या आधी लॅपटॉपच्या पोर्टांचा फोटो मागतो. घरात पडलेल्या केबलींचाही मागतो. समोरच्याला वाटतं, याला सांगायचं नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सगळं लिहूनच टाकतो.

डिस्कच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो. तो पदरात पडेलच असं नाही. डिस्क, केबल आणि पोर्ट या तिघांत जो संथ, त्याच्या चालीने बाकीचे दोघे चालतात. आणि बहुतेक घरांत संथ असते ती केबल, कारण ती कोणी निवडून घेतलेलीच नसते. फोनच्या खोक्यातून आलेली असते.

टाइप-सी म्हणजे नुसता तोंडाचा आकार. २०१४ साली आलेला, दोन्ही बाजूंनी बसणारा, चोवीस पिनांचा. आतून काय वाहतं ते या आकारावरून अजिबात कळत नाही. त्याच तोंडाची एक केबल सेकंदाला ४८० मेगाबिट नेते (हा वेग २००० सालच्या यूएसबी २.० चा), दुसरी १० गिगाबिट, तिसरी ४० आणि अगदी नवी ८०. शेजारी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. चार्जरबरोबर येणाऱ्या केबली बहुतेक पहिल्या जातीच्या. आयफोन १५ प्रोचंच उदाहरण बघा: फोनचा पोर्ट १० गिगाबिटचा, खोक्यातली केबल मात्र यूएसबी २ ची. ॲपलची २४० वॉटची विणलेली केबल हातात घेतली की दणकट वाटते, चार्जिंगही झकास करते. डेटा नेते तो त्याच ४८० मेगाबिटने.

चार्जिंगची ताकद आणि डेटाचा वेग यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. वीज वाहते जाड तारांतून. वेगवान डेटासाठी बारीक तारांच्या जास्तीच्या जोड्या लागतात, आणि चार्जिंगच्या केबलीत त्या घालतच नाहीत. दोन्हीकडे सी असलेल्या प्रत्येक केबलीने ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत, वाहून न्यावेत असा नियम आहे. त्याहून जास्त हवे असतील तर केबलीत एक छोटी चिप लागते. 'मी इतकं झेलू शकते' असं ती चार्जरला सांगते. अशा चिपवाल्या केबलींची मर्यादा २०२१ पासून २४० वॉटपर्यंत गेली आहे. यातल्या कशावरूनही डिस्क किती वेगाने चालेल याचा पत्ता लागत नाही.

आता आकडे. जाहिरातीत बिट असतात, आपल्या फाइली बाइटमध्ये मोजतात, म्हणजे आधी आठाने भागा. ४८० मेगाबिटचे झाले ६० मेगाबाइट. त्यातले प्रत्यक्षात हाती येतात ३५ ते ४०. पाचशे जीबीचे फोटो-व्हिडिओ अशा केबलीतून एसएसडीवर न्यायला साडेतीन तास किंवा जास्तच. तीच एसएसडी १० गिगाबिटच्या केबलीने आणि तशाच पोर्टला जोडली तर सेकंदाला हजार मेगाबाइटच्या आसपास जाते, आणि मोठ्या फाइली असतील तर काम दहा मिनिटांच्या आत उरकतं. "नवी एसएसडी फारच हळू आहे हो" अशी तक्रार आली की मी आधी केबल बदलायला सांगतो.

केबल घेताना 'यूएसबी ३.२ जेन १' असल्या नावांच्या नादी लागू नका. २००८ साली यूएसबी ३.० आलं, पुढे त्याचंच नाव ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. वेग तिन्ही वेळा पाचच गिगाबिट! यूएसबीची नावं ठरवून हा घोळ घालणाऱ्या संस्थेलाच अखेर उपरती झाली असावी. २०२२ मध्ये तिने केबलीवर सरळ गिगाबिट आणि वॉट छापायची चिन्हं काढली. तेवढंच वाचा. वेगाचा आकडा कुठेच दिला नसेल तर ती ४८० मेगाबिटची समजून चला. लांबीचा मोह नको. ४० गिगाबिटची साधी केबल जेमतेम ८० सेंटिमीटरची असते. त्याहून लांब हवी असेल तर आत वेगळे इलेक्ट्रॉनिक्स लागतात आणि किंमत चढते. डिस्कच्या खोक्यातली वीतभर केबल म्हणूनच तोकडी असते. ती जपून ठेवा, तिच्यावर डिस्कचं नाव लिहा.

अगदी स्वस्त, बिननावाच्या केबलींबद्दल मी जरा कडक आहे. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून बाजारातल्या टाइप-सी केबली विकत घेऊन तपासायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये त्यातल्या एकीने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला: आत वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडल्या होत्या. एरवी वाईट केबल फक्त वेळ खाते, पण कधी कधी असंही होतं.

पोर्टांचं थोडक्यात सांगतो. एकाच लॅपटॉपवरचे दोन सी पोर्ट सारखे असतील असं धरू नका. बाजूला विजेची खूण आणि बाण असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे सी पोर्टांतली महागडी, वेगवान जात. दहाचा आकडा असेल तर १० गिगाबिट. काहीच नसेल तर मॉडेलचं माहितीपत्रक बघा. चौकोनी पोर्ट आतून निळा असेल तर बहुधा पाच गिगाबिटचा, पण निळा रंग सक्तीचा नाही. हबमधून, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीतून, जोडलेली डिस्क बाकीच्या उपकरणांबरोबर वेग वाटून घेते. आणि '२० गिगाबिट' लिहिलेल्या यूएसबी ३.२ च्या एसएसडीवर जास्त पैसे घालू नका. ती पद्धत फार थोड्या लॅपटॉपांत आहे. बाकी ठिकाणी, महागड्या थंडरबोल्ट पोर्टांवरही, ती सहसा दहावरच उतरते.

आता एसएसडी की हार्ड डिस्क. डिस्कवरूनच काम करायचं असेल, म्हणजे व्हिडिओ संपादन, फोटोंची मोठी लायब्ररी, रोज पिशवीत घालून नेणं, तर एसएसडी; १० गिगाबिटची पुरे. स्वस्तातल्या एसएसडींचा एक दोष माहीत असू द्या: सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने घेतात, मग आतली वेगवान जागा भरली की चाल एकदम बसते. नुसता साठा करायचा असेल तर साधी अडीच इंची हार्ड डिस्क. ती सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइट देते, त्यामुळे पाच गिगाबिटची केबल तिला भरपूर झाली. फक्त चालू असताना हलवू नका.

कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर माझं मत हार्ड डिस्कला. एसएसडीत डेटा म्हणजे बंदिस्त करून ठेवलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू झिरपतो. ठरलेलं आयुष्य वापरून झालेल्या साध्या एसएसडीने बंद अवस्थेत, ३० अंश तापमानाला, एक वर्ष डेटा धरून ठेवावा एवढीच जेडेक या प्रमाणीकरण संस्थेची अट आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते. तरी ती पेटीत घालून विसरायची वस्तू नव्हे. अधूनमधून लावत जा.

जे लोक एका महागड्या, अतिवेगवान डिस्कवर सगळे पैसे घालायला निघतात, त्यांना मी दोन साध्या घ्यायला सांगतो. हे फारसं कोणाला पटत नाही. पण लॅपटॉपमधले फोटो एक्स्टर्नल डिस्कवर टाकून लॅपटॉपमधून पुसले, तर तो बॅकअप उरत नाही. एकच प्रत नुसती जागा बदलून बसते. दोन डिस्क असतील आणि त्यातली एक दुसऱ्या घरी असेल, तर कंपनी कुठली या प्रश्नाची धारच जाते, कारण बंद सगळ्याच कंपन्यांच्या पडतात.

डिस्क आल्यावर फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडायची पद्धत, बघा. फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोजची एनटीएफएस मॅकवर वाचता येते, पण वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट, मात्र तिच्यात अर्धवट राहिलेलं लेखन सावरण्याची सोय नाही, म्हणून 'इजेक्ट' केल्याशिवाय ओढू नका. विंडोज एक टीबीला ९३१ जीबी म्हणते. तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक, फसवणूक नाही.

फसवणूक वेगळी असते. अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या १६ टीबीच्या चिमुकल्या 'एसएसडी'त पुष्कळदा एखादं छोटं मेमरी कार्ड असतं, आणि आतली चिप लॅपटॉपला खोटी क्षमता सांगते. दोन-चार फाइली टाकून ते उघडकीला येत नाही, कारण तेवढ्या नीट वाचल्या जातात. पुढचं सगळं आधीच्यावर लिहिलं जातं किंवा हवेत जातं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ ही मोफत साधनं डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतात. मोठ्या डिस्कला त्यात रात्र जाते. परत करायची मुदत संपायच्या आत ती रात्र काढा.