उंची आधी, बाकी सगळे नंतर: वाल तोराँसच्या स्की-सुट्टीचा माझा अनुभव

माझे दीर नोकरीनिमित्त फ्रान्समधील लिऑन शहरात राहतात. २०२४ च्या गणपतीत ते पुण्याला आले असताना, पुढच्या हिवाळ्यात आपण दोन्ही कुटुंबांनी मिळून आल्प्समध्ये स्कीइंगला जावे, असा विषय त्यांनी काढला आणि लिऑनहून जवळ असलेल्या, सूचिपर्णी वृक्षांनी वेढलेल्या, लाकडी घरांच्या एका गावाची छायाचित्रेही दाखवली. छायाचित्रे मोहात पाडणारी होती. परंतु तारखा जुळवायला बसलो तेव्हा ते गाव पहिल्याच दिवशी बाद झाले.

आमच्या मुलांची वार्षिक परीक्षा मार्चच्या मध्यावर संपणार होती. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत वाटून, एकापुढे एक सरकवून दिल्या जातात. त्यामुळे २०२५ मध्ये ८ फेब्रुवारीपासून १० मार्चपर्यंत कोठल्या तरी विभागाची मुले डोंगरावर असणारच होती, आणि तेवढे सगळे आठवडे गर्दीचे व महाग होते. वसंतातील सुट्ट्या ५ एप्रिलला सुरू होणार होत्या. मधले तीन-साडेतीन आठवडे आम्हाला सर्व बाजूंनी सोयीचे होते, फक्त त्या दिवसांत त्यासारख्या कमी उंचीच्या गावात बर्फ असेलच याची हमी कोणी देईना. ही भीती काल्पनिक नाही. ला सांबुई नावाचे फ्रान्समधील छोटे स्की-केंद्र पुरेशा बर्फाअभावी २०२३ मध्ये कायमचे बंद झाले. म्हणून आम्ही प्रश्न उलटा केला: मार्चच्या शेवटी बर्फ नक्की कोठे असतो? उत्तर सावोय प्रांतातील वाल तोराँस हे निघाले. २३०० मीटरवर वसलेले हे युरोपातील सर्वांत उंच स्की-गाव असून तेथील हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून मेच्या आरंभापर्यंत चालतो. आपले कळसूबाई १६४६ मीटरचे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून साडेसहाशे मीटर वर आम्ही आठवडाभर राहणार होतो. २२ ते २९ मार्च ही तारीख ठरली, कारण तेथील सदनिका बहुधा शनिवार ते शनिवार अशाच मिळतात.

सदनिकांच्या जाहिरातींत ‘आठ जणांसाठी’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्या आठांतील दोघे वाटेतल्या कोनाड्यातील दुमजली पलंगावर झोपणार आणि दोघे दिवाणखान्यातील सोफ्यावर, हे गृहीत धरावे. आम्ही सात होतो, त्यामुळे निभावले. चादरी आणि टॉवेल भाड्यात नव्हते, शेवटच्या दिवशीची सफाईही नव्हती. हे सर्व अटींच्या तळाशी लिहिलेले असते आणि ते वाचण्याचे काम माझ्या जाऊबाईंनी केले. मी मात्र एकच प्रश्न विचारायला लावला: शेगडी इंडक्शनची आहे की साधी विजेची? त्याचे कारण पुढे येईल.

उतरणींच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्टच्या पासबाबत आम्ही जवळजवळ चूक केली होती. वाल तोराँस हे ‘तीन दऱ्या’ या प्रदेशाचा भाग आहे, जेथे सुमारे ६०० किलोमीटरच्या उतरणी एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि पर्यटकाला साहजिकच तो सगळा प्रदेश हवासा वाटतो. पण आम्हा चौघांपैकी एकानेही कधी पायात स्की अडकवलेली नव्हती. दीर स्पष्टच म्हणाले, “वहिनी, पहिल्या आठवड्यात तुम्हाला एक हिरवी आणि दोन निळ्या उतरणी पुरतील. शिवाय पलीकडच्या दरीत गेलात आणि परतीची शेवटची लिफ्ट चुकली, तर टॅक्सीने डोंगराला वळसा घालून यावे लागेल.” फ्रान्समध्ये उतरणी हिरवी, निळी, लाल व काळी अशा चढत्या अवघडपणाने रंगवलेल्या असतात. आम्ही केवळ वाल तोराँस आणि शेजारचे ओरेल एवढ्यापुरता पास घेतला आणि तोही पूर्ण वापरला गेला नाही.

व्हिसाविषयी फार लिहीत नाही, कारण ती प्रक्रिया सर्वांना परिचित आहे: अर्ज प्रवासाआधीच्या सहा महिन्यांच्या आत आणि किमान १५ दिवस आधी, मोठ्यांना ९० युरो व सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क, बारा वर्षांखालील मुलांना बोटांचे ठसे माफ. विम्यावर मात्र थांबायला हवे. शेंगेन, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि आमच्या एजंटने तशी पॉलिसी दोन तासांत काढून दिली. ती व्हिसा अर्जाला पुरेशी होती, पण रात्री बारीक अक्षरांतील अपवादांची यादी वाचताना त्यात ‘हिवाळी खेळ’ हे शब्द दिसले. म्हणजे ज्या कारणासाठी आम्ही निघालो होतो, नेमके तेच वगळलेले होते. एजंटला फोन केला तेव्हा, “मॅडम, तुम्ही फिरायला जाताय असं सांगितलं होतं,” असे उत्तर मिळाले, आणि ते खोटेही नव्हते. जादा हप्ता भरून पॉलिसी बदलून घेतली. याखेरीज उतरणीवर पडलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च फ्रान्समध्ये त्याच्याकडूनच वसूल केला जातो, म्हणून पास घेताना दिवसाला काही युरोंत मिळणारा ‘कारे नेज’ हा स्थानिक विमाही आम्ही घेतला.

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्याने घेण्याची नोंदणी आधीच संगणकावर केली. त्यासाठी प्रत्येकाची उंची, वजन आणि पावलाची सेंटिमीटरमधील लांबी द्यावी लागते. वजन खरे सांगावे, अगदी दिरांसमोर सांगावे लागले तरी; कारण पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराने सुटावा, हे त्यावरून ठरवले जाते, आणि बूट वेळेवर सुटला नाही तर गुडघा पिरगळतो. थंडीच्या भीतीने दोन-दोन पायमोजे चढवण्याचा माझा बेतही दुकानातील मुलाने मोडीत काढला. एकच, लांब आणि पातळ मोजा घालावा, नाहीतर पाऊल बुटात सरकते आणि रक्तप्रवाह आवळला जाऊन बोटे उलट अधिक गार पडतात.

लिऑनहून मूतिए या स्थानकापर्यंत आगगाडी (नाव ऐकून मुले दोन दिवस हसत होती) आणि तेथून बस, असा प्रवास केला. मूतिए जेमतेम ४८० मीटरवर आहे, म्हणजे पुण्याहूनही थोडे खाली. तेथून तासाभरात बस अठराशे मीटर वर चढते. वाटेत आधी फळबागा, मग दाट सूचिपर्णी झाडे, मग विरळ झाडी, आणि शेवटची काही वळणे पार केल्यावर झाड म्हणून एकही नाही. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांशच उरतो. पहिल्या रात्री माझे डोके दुखले, पतींना झोप लागली नाही, आणि मुले मात्र ठणठणीत होती. सुदैवाने शिकवणी सोमवारपासून होती, त्यामुळे रविवार आम्ही भरपूर पाणी पिऊन, बूट घालून नुसते चालण्यात घालवला. तो मोकळा रविवार आम्ही विचारपूर्वक ठेवला होता असे सांगायला मला आवडेल, पण तो योगायोग होता.

आता शेगडीचे कारण. २३०० मीटरवर पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजवली तरी दाणा बोटाखाली टचटचीत राहतो. मी पुण्याहून तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर नेला होता आणि तो इंडक्शनवर चालला नसता. आम्ही शाकाहारी आहोत, आणि त्या भागातील प्रसिद्ध तार्तिफ्लेत या बटाटा-चीजच्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा संध्याकाळचे वरण-भात हे चैनीचे नव्हे, नियोजनाचे काम होते. कुकरच्या शिट्ट्या ऐकून शेजारच्या सदनिकेतील गृहस्थ मात्र काही बिघडले आहे का, हे विचारायला आले होते.

फ्रेंच स्की शाळेचे लाल जॅकेटवाले शिक्षक इंग्रजीतून शिकवतात, परंतु तसा वर्ग आधी मागून घ्यावा लागतो. आम्ही सकाळची वेळ घेतली. मार्चअखेरीस रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो आणि दुपारी दोननंतर भिजलेल्या रव्यासारखा जड होतो. नवशिक्यांना मधला दीड तास काय तो सुखाचा. मुलगी तिसऱ्या दिवशी वळणे घेऊ लागली, मुलगा वळणे न शिकताच वेगाने जाऊ लागला, आणि मीही अखेर न पडता एक निळी उतरण पूर्ण केली.

उंचीची खरी किंमत गुरुवारी मोजली. सकाळी ढग उतरले, वारा सुटला, वरच्या लिफ्ट बंद झाल्या. झाडे नसल्यामुळे जमीन आणि आकाश यांतील रेषाच पुसली गेली. आपण सरकतो आहोत की थांबलो आहोत, हेही समजेना. दिरांनी दाखवलेल्या त्या झाडांनी वेढलेल्या गावात अशा दिवशी खोडांच्या आधाराने अंतर कळले असते. शिक्षकांनी वर्ग अर्ध्यावर सोडला आणि आम्ही पोहण्याच्या तलावावर गेलो. शुक्रवारी लख्ख ऊन पडले, तेव्हा स्की खोलीतच ठेवून रोपवेने ३२०० मीटरवरील सीम कारों शिखरावर गेलो आणि तेथून आल्प्समधील सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ पाहिले. सनस्क्रीन लावूनही पतींच्या हनुवटीची खालची बाजू भाजली, कारण ऊन बर्फावरून परतून खालूनही लागते.

शनिवारी सकाळी दहाच्या आत सदनिका पुसून, चादरी घडी करून, कुकर पिशवीत घालून किल्ली परत केली. बस खाली उतरू लागली तेव्हा पहिले झाड दिसताच मुलीने ते मोठ्याने जाहीर केले, आणि मूतिएच्या फलाटावर आम्ही सगळे अंगातील जाड जॅकेट हातात घेऊन उभे होतो.