किल्ल्याला कशाला हवा सरकारी पैसा?

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या किल्ल्यावर आम्ही पाच-सहा जण पावसाळा सरला की श्रमदानाला जातो. हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो: "अहो, रस्त्यांत खड्डे पडलेत आणि पडक्या भिंतींवर सरकारनं पैसा घालायचा? वर्गणी काढा, नाहीतर एखादी कंपनी गाठा." तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आम्ही गवत कापतो, बाटल्या पोत्यात भरतो. पण बुरुजाच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं की हात थांबतो. वरून छाटलं तर मूळ आतल्या आत पोसतं, ओढून काढलं तर दगडासकट हातात येतं. मूळ मारून ती पोकळी चुन्यानंच भरावी लागते. सिमेंटनं ओल आत कोंडते आणि काही वर्षांनी दगडच सुटायला लागतो. चुना मुरवायला दिवस जातात, तो हाताळणारा गवंडी शोधावा लागतो, आणि हे सगळं दरवर्षी. उपटलेल्या पिंपळापुढे फीत कापायला कोण येणार? देणगीदार येतात ते रोषणाईला.

देणगीतून काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणून माझा भाचा लगेच भायखळ्याचं, नव्यानं दुरुस्त झालेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय पुढे करतो. खरंय, काय सुंदर झालंय ते! २००८ साली पुन्हा उघडलं तेव्हा मी पाहून आले. पण २००३ चा करार तिघांचा होता: जमनालाल बजाज फाउंडेशन, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि मुंबई महापालिका. पालिकेनं अंग काढून घेतलं नव्हतं.

आता ठाण्याचा किल्ला बघा. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. इंग्रजांनी त्याचं कारागृह केलं. अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे या क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिलं. तो तट अजून उभा आहे. इतिहासाच्या प्रेमानं नाही हो! कैदी पळू नयेत म्हणून त्याची डागडुजी सरकारला टाळता आली नाही, असा माझा तर्क. सिद्दींनी बांधलेल्या बेलापूरच्या किल्ल्याला असलं कुणी कैदी मिळालं नाही.

खड्ड्यांचं म्हणाल तर घोडबंदर रोडवर माझीही कंबर मोडते. डांबर मात्र पुढच्या वर्षी परत टाकता येतं. बुरूज ढासळल्यावर जो बांधाल तो जुना नसतो, कालपरवाचा असतो.

म्हणून मागणं एवढंच: मोठा निधी नको, थोडा पण दरवर्षी द्या. त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, वेगळं ठेवा आणि मार्चअखेर तो दुसऱ्या कामाकडे वळवू नका.

आणि येणार असाल तर दसऱ्यानंतरच्या रविवारी या. कोयते आहेत आमच्याकडे. पूर्ण बाह्यांचा शर्ट तेवढा घाला, खाजकुइली फार माजलेली असते.