प्रशिक्षण संपल्यावर वर्गात काय बदलले?

समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकवण्याच्या, शिक्षक-प्रशिक्षणाचा शेवटचा तास आपल्याकडे बहुधा अभिप्राय पत्रकात जातो. सुलभकांची, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांची, विषयावर पकड होती का, साहित्य वेळेवर मिळाले का, भोजनव्यवस्था कशी होती, असे त्यातले प्रश्न असतात आणि घरी निघण्याच्या घाईत बहुतेक जण ‘उत्तम’वर खूण करतात. ही पत्रके जमा झाली की मूल्यमापन पूर्ण झाल्याची नोंद अहवालात होते, आणि ही नोंद मला मनापासून खटकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार समावेशित शिक्षणासाठी शिक्षक व कर्मचारी प्रशिक्षित करणे ही शासनाची जबाबदारी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास आणि उपस्थिती मोजता येते, म्हणून तीच मोजली जाते. परंतु कर्णदोष असलेल्या मुलाला फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकांचे ओठ दिसत नाहीत, हे त्या ५० तासांनंतर बदलले का, याचे उत्तर हजेरीपटात सापडत नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी २००० साली शिक्षक-प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या पाच पातळ्या मांडल्या : सहभागींची प्रतिक्रिया, त्यांचे शिकणे, संस्थेचा पाठिंबा, नव्या कौशल्याचा प्रत्यक्ष वापर आणि विद्यार्थ्यांवरील परिणाम. आपण पहिल्या पातळीवर थांबतो, फार तर पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घेऊन दुसरी गाठतो. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष तिसऱ्या पातळीकडे होते. वेगळी प्रश्नपत्रिका काढण्यास मुख्याध्यापकांची संमती नसेल, किंवा गटसाधन केंद्राचे (शाळांना साहाय्य करणाऱ्या तालुका पातळीवरील केंद्राचे) विशेष शिक्षक येतील त्या दिवशीच दिव्यांग मुलाचा अभ्यास घ्यायचा आणि एरवी त्याला चित्रे रंगवायला द्यायची अशी शाळेची रीत असेल, तर चांगले शिकून आलेला शिक्षकही काही दिवसांत जुन्या वाटेला लागतो, आणि अपयश मात्र प्रशिक्षणाच्या किंवा त्याच्या नावावर जमा होते.

आत्मविश्वास मोजण्याच्या साधनांबाबत अधिक सावध राहायला हवे. शर्मा, लॉरेमन आणि फोर्लिन यांची २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली १८ विधानांची मापनश्रेणी समावेशक अध्यापन, इतरांशी सहकार्य आणि वर्तन हाताळणे या तीन अंगांनी शिक्षकाची स्वतःच्या क्षमतेविषयीची धारणा तपासते, आणि ती उपयुक्त आहे. मात्र चांगल्या प्रशिक्षणानंतर हे गुण कधी कधी घटतात. अध्ययन अक्षमता म्हणजे आळस नव्हे हे नुकतेच उमगलेला शिक्षक स्वतःला पूर्वीपेक्षा कडक निकष लावतो. आधी ‘मला जमते’ म्हणताना जमणे म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. ज्याची मोजपट्टीच प्रशिक्षणाने बदलली, त्याची घट अपयश म्हणून नोंदवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. यावर उपाय म्हणजे प्रशिक्षणानंतर दोन प्रश्न एकत्र विचारणे : आज तुम्ही स्वतःला कोठे पाहता, आणि आजच्या समजेने मागे पाहता प्रशिक्षणापूर्वी कोठे होता? या पद्धतीतही उणीव आहे, कारण सुधारणा झाल्याचे दाखवण्याचा मोह उत्तर देणाऱ्याला होतोच. म्हणून तिच्या जोडीला वर्गनिरीक्षण अपरिहार्य ठरते.

हे निरीक्षण तीन-चार महिन्यांनी, पूर्वसूचना देऊन तयार करवलेला पाठ न मागता व्हावे. अल्पदृष्टी असलेली मुलगी कोठे बसली आहे, फळ्यावरचे तिला वाचून दाखवले जाते का, गटकार्यात तिच्याकडे खरे काम येते का, तिच्या स्वाध्यायाच्या वहीत इतरांसारखाच आशय वेगळ्या रूपात आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. निरीक्षकाकडे शिक्षकाच्या गोपनीय अहवालाचा अधिकार असता कामा नये, अन्यथा अडचणी लपवल्या जातील. मिळालेले निष्कर्ष केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्याच शिक्षकांसमोर चर्चेला यावेत आणि पुढच्या प्रशिक्षणाचे घटक त्यांतूनच ठरावेत. त्या मुलीला आणि तिच्या पालकांनाही याबाबत विचारले पाहिजे. आपल्या सध्याच्या एकाही अभिप्राय पत्रकात त्यांच्यासाठी रकाना माझ्या पाहण्यात आलेला नाही.