शिडाच्या बोटीतली शाफ्टची घरघर कशी सापडली

आमची शिडाची बोट मुंबई हार्बरला असते आणि आम्ही तिघं पार्टनर राहायला पुण्यात, त्यामुळे तिच्याकडे जाणं शनिवार-रविवारीच. मार्चमध्ये इंजिन १२०० आरपीएमला गेलं की मागून घरघर यायला लागली, पायाखालची फळीसुद्धा थरथरायची. एक पार्टनर म्हणाला गिअरबॉक्स गेला, दुसरा म्हणाला माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते पाय, बदल. मला मात्र पार्ट मागवायच्या आधी आवाज नक्की कुठनं येतोय ते बघायचं होतं.

वारा चांगला मिळाला त्या दिवशी इंजिन बंद केलं, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि नुसत्या शिडावर बोट पळवली, तर पाण्याच्या जोराने पंखा फिरतोय, त्याला गिअरबॉक्सशी जोडणारा दांडा म्हणजे शाफ्ट फिरतोय आणि घरघर तशीच. रिव्हर्स टाकला, शाफ्ट थांबला, आवाज गप्प! म्हणजे इंजिन सुटलं, आता गिअरबॉक्सपासून मागेच शोधायचं.

पावसाळ्याआधी बोट वर काढली. पंखा धरून हलवला तर शाफ्ट चक्क २ मिलिमीटर खेळत होता. तिथं शाफ्टला आधार द्यायला कटलेस बेअरिंग असतं, पितळेची नळी आणि आत खाचा असलेलं रबर, ग्रीस वगैरे काही नाही, पाणीच त्याचं वंगण, त्यामुळे हार्बरचा गाळ ते खातोच. पण उजेडात धरून बघितलं तर रबर एकाच बाजूने घासलेलं, दुसऱ्या बाजूच्या खाचा नव्यासारख्या. नुसत्या गाळाने किंवा वाकलेल्या शाफ्टने ते चहूबाजूंनी झिजलं असतं ना, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसणार.

तरी खात्री करायला शाफ्ट गाडीची सीट पाडून भोसरीला ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे नेला. त्यांनी सेंटरमध्ये धरून वाक काट्यावर दाखवणारा डायल गेज लावला आणि हाताने हळूहळू फिरवला, काटा ०.०५ मिलिमीटरच्या वर गेलाच नाही. "सरळंय हो, कशाला नवीन करताय," म्हणाले. केवढा खर्च वाचला!

अलाइनमेंट, म्हणजे ही रेष, मात्र बोट पाण्यात असतानाच बघायचं, कारण जमिनीवर टेकवली की तिचा आकार किंचित बदलतो. ऑक्टोबरमध्ये नवीन बेअरिंग घालून उतरवल्यावर गिअरबॉक्स आणि शाफ्ट जिथं जोडतात त्या कपलिंगचे बोल्ट काढून दोन तबकड्यांच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, वर ०.१ मिलिमीटरची पट्टीसुद्धा जाईना आणि खाली ०.४ ची आरामात. इंजिनचे मागचे माउंट दबले होते, म्हणजे माउंटवाला पार्टनर अगदीच चुकला नव्हता. माउंटचे नट थोडे थोडे फिरवत दोन तासांनी चारी बाजू ०.१ च्या आत आणल्या. आता १२०० ला फळी शांत असते. दबलेले माउंट दिवाळीनंतर बदलतोय, आणि बदलले की परत फिलर गेज लावणार.